निंबारवाडीची सोंड

माझे धाकटे दीर मल्हारी पगारे यांच्या नावापासूनच गंमत सुरू होते. सासऱ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले टाक, तसबिरी सगळं गोदावरीत सोडलं. मागं एकच देव राहिला, तो म्हणजे यांच्या नावातला खंडोबा. मी नवी सून होऊन आले तेव्हा आगाऊपणानं म्हटलं, "भावजी, नाव बदलून घ्या की. अर्ज केला की होतं." ते जेवत होते. तोंडातला घास संपवून म्हणाले, "नाव आईनं ठेवलंय वहिनी, खंडोबानं नाही." आणि पुन्हा ताटाकडं वळले. आमचे भावजी हे असे. बोलणं कमी, आणि बोलले की समोरच्याला पुढं बोलायची सोय ठेवत नाहीत. मला तर बोलल्याशिवाय अन्न पचत नाही. शाळामास्तरीण पडले. त्यामुळं आमचं चांगलं जमलं.

नाशिकजवळ सातपूरला कारखाने उभे राहायला लागले तेव्हा शेडवर पत्रे चढवणाऱ्या एका ठेकेदाराकडं ते लागले आणि तिथंच काम शिकले. पुढं काळू नावाच्या मित्राला जोडीला घेऊन स्वतःची कामं धरायला लागले. पत्र्याचं छप्पर कसं असतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं कळेल. भिंतीवर लोखंडी कैच्या बसवतात, ते गवंड्याचं काम. कैच्यांवर आडवे अँगल, अँगलवर नालीदार पत्रे, आणि पत्र्याला अँगलशी बांधून ठेवणारे हुक, हे पत्रेवाल्याचं. हुकाला वरून नट असतो, तो पान्यानं आवळायचा. भावजींची सगळी अब्रू त्या नटात होती. काळूनं आवळलेला नट ते पुन्हा आवळायचे आणि स्वतः आवळलेला दोनदा. माझी जाऊ लताबाई म्हणायची, "घरात यांनी डब्याचं झाकण लावलं की मला ते शेजारच्यांकडून उघडून आणावं लागतं."

आमचं मूळ गाव निंबारवाडी, दिंडोरी तालुक्यात. बहात्तरच्या दुष्काळानंतर गावच्या शाळेच्या दोन खोल्या नव्यानं बांधायच्या ठरल्या आणि छपराचं काम गावानं भावजींना दिलं. बाहेरच्याला ही साधी गोष्ट वाटेल. आमच्याकडं ती साधी नव्हती. त्याच शाळेत माझे सासरे दाराबाहेर पायरीवर बसून बाराखडी शिकले होते. आता त्यांचा मुलगा शाळेच्या माथ्यावर उभा राहून खालच्यांना "जरा बाजूला व्हा" म्हणत होता, आणि खालचे बाजूला होत होते. काम चालू होतं तोवर सासरे रोज समोरच्या लिंबाखाली येऊन बसायचे. नुसते वर बघत राहायचे. छप्पर झालं तेव्हा भावजींनी गावाकडून मजुरी तेवढी घेतली आणि हुक-नट स्वतःच्या पदरचे घातले.

पुढच्या वैशाखात, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, ते छप्पर उडालं.

दुपारची वेळ होती. शाळेला सुट्टी होती म्हणून पोरंबाळं वाचली. आधी गारा पडल्या, गाव घराघरात शिरलं, दारं लावून बसलं. मग काही तरी आलं आणि गेलं. लोक बाहेर येऊन बघतात तर शाळेला भिंती आहेत आणि वर नुसतं आभाळ. छप्पर मोडूनतोडून सरपंच गोरक्षनानांच्या द्राक्षाच्या मळ्यात जाऊन पडलं होतं. नानांनी नवीनच बाग लावली होती, तिचे मांडव भुईसपाट झाले. गावात दुसऱ्या एकाही घराचं कौल हललं नाही.

भावजींना सातपूरला निरोप मिळून ते गावात पोचेपर्यंत मधे तीन-चार दिवस गेले. तेवढ्यात मळा साफ झाला होता. पत्रे गेले, अँगल गेले, कैच्या गेल्या. कोण घेऊन गेलं हे विचारायची गरज नव्हती. गावातल्या निम्म्या गोठ्यांवर नवे पत्रे चकाकत होते. भावजींच्या हातात बघायला काहीच उरलं नाही. कुठला हुक सुटला, कुठला वाकला, कुठला पत्रा फाटला, काही नाही.

शाळेशेजारच्या चावडीवर गाव जमलं. गोरक्षनाना तसे वाईट गृहस्थ नव्हते, पण त्या दिवशी बाग गेल्याचा राग त्यांच्या डोक्यात होता. शाळेच्या समोर, बोळापलीकडं, कुसाबाई नावाच्या एका विधवा बाईची उसाच्या पाचटानं शाकारलेली झोपडी होती. नानांनी तिकडं बोट केलं. "त्या झोपडीचं पाचट हाललं नाय, अन् तुझे लोखंडाचे पत्रे उडाले? ह्याला वारा म्हणायचा का मल्हारी? हुक ढिले ठेवले, कबूल कर. पोरं आत असती म्हणजे?"

वादळ म्हणावं, तर झोपडी कशी राहिली? वावटळ म्हणावं, तर वावटळीत टोपी उडते, छप्पर नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यांना काम दिलं तिथंच चुकलं." 'ह्यांना' म्हणजे कुणाला, ते सगळ्यांना कळलं. सासरे लिंबाखालून उठून घरी गेले. पुन्हा कधी तिथं बसले नाहीत, आणि पुढं हा बोल मनात घेऊनच वारले. तहसिलात कागद गेला त्यावर एकच ओळ होती: वादळी वाऱ्याने शाळेचे छप्पर उडाले. आमच्याकडं आभाळातून काहीही आलं तरी कागदावर ते 'वादळी वारा' होऊन जातं.

त्यानंतर तालुक्यात त्यांना काम मिळेना. 'उडत्या पत्र्यांचा मल्हारी' हे नाव दिंडोरीच्या बाजारापर्यंत पोचलं. पण काम मिळालं नाही म्हणून ते थांबले असं मी म्हणणार नाही, कारण सातपूरला त्यांना कोण ओळखत होतं? तिथं मिळालं असतं. त्यांनीच सोडलं. एका कारखान्यात माल चढवण्या-उतरवण्याच्या कामाला लागले, पाळीनं जायचे, पाळीनं यायचे. काळू दर दिवाळीला यायचा, फराळ करायचा आणि म्हणायचा, "चल, पुन्हा धरू कामं." भावजी म्हणायचे, "माझा माझ्या हातावर भरवसा राहिला नाही."

हे खरं दुखणं होतं. गावानं दोष दिला म्हणून ते मोडले नव्हते. गावाचे दोष ऐकायची आम्हाला सवय आहे. पण नाना म्हणाले ते खरं असेल तर, हे त्यांच्या मनात घर करून बसलं होतं. एखादा नट राहिलाच असेल तर? वारा सुटला की जेवता जेवता त्यांचा हात थांबायचा. ताटावर नजर नसायची, वर असायची. लताबाई मला म्हणाली, "दारूचं व्यसन असतं तर मी भांडले असते. ह्याच्याशी कशी भांडू?" मला फार वाईट वाटायचं, आणि वाईट वाटलं की मला राग येतो. मी त्यांच्यावरच चिडायचे. म्हणायचे, "दहा वर्षं झाली भावजी, आता सोडा." ते म्हणायचे, "मी कुठं धरलंय?"

इकडं त्याच वादळानं कुसाबाईचं नशीब पालटलं होतं. तिची झोपडी वाचली ती देवानं वाचवली, असं गावात ठरलं. गणपतीनं सोंडेनं झोपडी झाकून घेतली, अशी ती कथा. झोपडीसमोर शेंदूर लावलेला दगड बसला, झेंडा लागला. विनायकी चतुर्थीला दुपारी आरती व्हायची आणि आरतीनंतर कुसाबाई ती हकिकत सांगायची. आजूबाजूच्या वाड्यांवरून बाया यायच्या. जिला आयुष्यात कुणी पाटावर बसवलं नव्हतं तिच्या समोर नारळ फुटायला लागले.

आम्ही कधी तिकडं गेलो नाही. एके काळी आम्हाला देवळापाशी येऊ देत नव्हते, आता आम्ही जात नाही, सरळ हिशेब. त्यात भावजी तर आमच्या सगळ्यांपेक्षा कडक. कुणी प्रसाद पुढं केला तर हात मागं घ्यायचे. गावी गेलेच तर झोपडीवरून जाणारा बोळ टाळून ओढ्याच्या वाटेनं घरी यायचे. त्यांना छपराचीही आठवण नको होती आणि देवाचीही.

पंच्याऐंशी साली नाशिकला आम्हा शिक्षकांचं शिबिर होतं. तिथं क्षेमकल्याणी नावाचे भूगोलाचे प्राध्यापक बोलायला आले. किडकिडीत, कपाळाला सतत आठी, पँटच्या पायाला सायकलची क्लिप तशीच. जेवणानंतरचं व्याख्यान, त्यामुळं निम्मं शिबिर डुलक्या काढत होतं. त्यांनी एकदम विचारलं, "तुमच्या गावात कधी टॉर्नेडो आला होता का?" कुणी तरी म्हणालं, "आमच्याकडं टेम्पो येतो." सगळे जागे होऊन हसले. सरही हसले.

मग म्हणाले, "माझ्या अभ्यासाची अडचण हवा नाही, मराठी आहे. मी गावोगाव विचारतो. वावटळ आली होती का म्हटलं की लोक उन्हाळ्यात धूळ उडते ती सांगतात. चक्रीवादळ म्हटलं की समुद्रातलं, रेडिओवर ऐकलेलं सांगतात. मला हवंय ते या दोन्हीतलं नाही. वावटळ उन्हात, जमिनीवरून वर उठते. हे ढगातून खाली उतरतं. अमेरिकेत ही नेहमीची गोष्ट आहे. आपल्याकडं क्वचित, पण होतं. त्याला नाव नाही, म्हणून नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणून आपण समजतो की होतच नाही." फळ्यावर त्यांनी वर ढग काढला आणि त्यातून खाली निमुळता होत गेलेला एक पट्टा. "याचा रस्ता फार अरुंद असतो. एक घर जातं आणि शेजारचं शाबूत राहतं. तिकडं पूर्वेला, बंगालकडं लोकांनी याला छान नाव दिलंय. हत्तीची सोंड."

मी उभी राहिले तेव्हा काय बोलणार हे मलाच माहीत नव्हतं. म्हटलं, "सर, एक छप्पर गेलं आणि समोरची पाचटाची झोपडी राहिली, असं होतं?"

"तसंच होतं."

"आमच्याकडं झालंय. आणि गाव अकरा वर्षं त्या सोंडेची आरती करतंय."

व्याख्यान संपल्यावर सरांनी मला गाठलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, छप्पर साध्या झोतानंही उडू शकतं. झोपडी वाचली एवढ्यावर मी काही लिहिणार नाही. डोळ्यांनी पाहणारं माणूस हवं. ती बाई जे पाहिलं ते सांगते की लोकांनी तिच्या तोंडी घातलेलं सांगते, हे मला ऐकून ठरवावं लागेल. आणि तुम्ही तिला काही पढवायचं नाही." पढवण्यात माझा जन्म गेलेला, पण मी मान हलवली.

त्याच संध्याकाळी मी सातपूरला गेले. आधी मी लताबाईला सांगितलं, मग भावजींना. वाटलं होतं, उठून उभे राहतील. ते खाटेवर बसून होते तसेच बसले.

"मी नाही येणार," म्हणाले.

"का?"

"देवाची कथा ऐकायला मी जाणार नाही."

"कथा नाही हो, साक्ष आहे ती. बाईनं डोळ्यांनी पाहिलंय."

"गणपती पाहिलाय."

"सोंड पाहिलीये. गणपती तिनं मागून जोडला. हत्ती, सोंड म्हटलं की तिला दुसरं काय आठवणार?" माझा आवाज चढला होता. "अकरा वर्षं तुमच्या बाजूनं बोलणारं एकच माणूस त्या गावात आहे, दर महिन्याला मोठ्यानं बोलतंय, आणि तुम्ही ओढ्याच्या वाटेनं जाताय. ह्याला तत्त्व म्हणतात का, हट्ट म्हणतात?"

लताबाई चहा घेऊन आली आणि कप हातात धरून तशीच उभी राहिली. मग भावजी खाली बघत म्हणाले, "वहिनी, तिनं सांगितलं की पत्रे खडखडत होते, एकेक सुटून गेला, तर? आता निदान मला माहीत नाही. मग माहीत होईल."

माझा राग तिथंच विरला. नंतर डोळे पुसले ते रस्त्यावर आल्यावर. त्यांच्यासमोर फक्त एवढं म्हटलं, "शाळेपर्यंत तरी चला. पुढं येऊ नका." याला ते कसेबसे हो म्हणाले.

विनायकी चतुर्थीला सकाळच्या एस.टी.नं आम्ही गेलो. क्षेमकल्याणी सर, मी आणि भावजी. शाळेवर आता दुसऱ्या कुणी टाकलेले पत्रे होते. भावजी कुंपणाच्या तारेपाशी थांबले आणि शाळेकडं पाठ करून उभे राहिले. मी आणि सर बोळ ओलांडून झोपडीत गेलो. लोक दुपारी येणार होते, कुसाबाई एकटीच फुलं निवडत बसली होती. खूप म्हातारी झाली होती, पण आवाज खणखणीत. सरांनी तिला नमस्कार केला आणि म्हणाले, "आजी, मी नाशिकहून आलोय. वादळाच्या दिवशी काय पाहिलंत ते मला सांगाल? जसं दिसलं तसं."

"तुमी नाशकाहून ऐकायला आलात?" तिला फार बरं वाटलं. फुलं बाजूला सारली. "मंग ऐका. गारा पडून गेल्या व्हत्या. माझी शेळी बाहेर राहिली व्हती, म्हनून म्या दारात आले. रामशेजच्या डोंगराच्या अंगानं ढग आला, काळा, खालून हिरवट. त्या ढगातून एक सोंड खाली आली."

"जमिनीतून वर गेली का?" सरांनी विचारलं.

"सोंड वर कशी जाईल? खाली आली. हळूहळू, झोके घेत. तिकडं माळावर तिचं टोक टेकलं तशी माती उधळली. अन् आवाज काय सांगू. माझी लेक मनमाडला दिलीये, तिच्या घराशेजारून मालगाड्या जात्यात. तसल्या धा गाड्या एकदम. म्या शेळीला कवळा घालून खाली बसले, पर डोळे नाय झाकले. सोंड शाळंवर आली. मला वाटलं आता माझी पाळी. पर शाळंवरून ती वळली, नानाच्या मळ्याकडं गेली. माझ्या झोपडीला शिवली बी नाय."

माझ्या ओठांवर प्रश्न येऊन बसला होता. सरांना दिलेल्या शब्दापायी मी पदर तोंडात धरला. सरांनीच विचारलं, "आणि शाळेचं छप्पर?"

"ते तर लोक कधी विचारत नाय," कुसाबाई म्हणाली. "त्यांना झोपडीचंच ऐकायचं असतं. छप्पर अख्खं उठलं. भाकरीच्या टोपल्यावरचं झाकण उचलावं तसं, एकजीव. कैच्यांसकट. वर गेलं, फिरलं, अन् पलीकडं गेलं."

"पत्रे सुटे होऊन?"

"सुटा एक बी नाय. एकजीव गेलं म्हनते ना."

मी मागं वळून पाहिलं. भावजी कुंपणापाशी नव्हते. बोळाच्या मध्यावर येऊन उभे होते. तिथून सगळं ऐकू येत होतं. ते झोपडीच्या दाराशी आले, वाकून आत बघत म्हणाले, "कुसामावशी, छपराचं पुन्हा सांगता?"

तिनं ओळखायला थोडा वेळ घेतला. "मल्हारी का रं? पगाऱ्याचा?" मग तिला काय उमगलं कोण जाणे. म्हणाली, "आता नाय सांगत. आरतीनंतर सगळ्यांम्होरं सांगीन. नेम हाय तसा. बसतोस का तोवर?"

दुपारी माणसं जमली. गोरक्षनाना आले, त्यांची बायको सिंधुबाई आली, वाडीवरच्या बाया आल्या. आणि त्या सगळ्यांच्या मागं, झोपडीच्या कुडाला टेकून आमचे भावजी आरतीला बसले. टाळी वाजवली नाही, हात जोडले नाहीत. दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवून समोर बघत बसले. ताट त्यांच्यापुढं आलं तेव्हा मान हलवून पुढं सरकवलं. मी माझ्या हयातीत याहून अवघड बसणं पाहिलेलं नाही.

कुसाबाईनं सांगायला सुरुवात केली. झोपडीचं नेहमीचं सांगून झाल्यावर लोक उठायला लागले, तशी ती म्हणाली, "बसा. आज आणखी हाय." आणि तिनं छपराचं सांगितलं, तेच शब्द, एकजीव, कैच्यांसकट, सुटा पत्रा एक नाही. क्षेमकल्याणी सरांनी मग सगळ्यांना समजावलं की हे कसलं वादळ होतं, त्याचा रस्ता कसा बोळाएवढा असतो, आणि त्याच्यापुढं कुणाचंच बांधकाम टिकत नाही. हुक ढिले असते तर पत्रे एकेक सुटले असते. अख्खं छप्पर उठलं म्हणजे हुकांनी धरून ठेवलं.

गोरक्षनाना पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. तेवढ्यात सिंधुबाई अगदी सहज म्हणाली, "धरूनच व्हते की. आमच्या गोठ्यासाठी ते पत्रे सोडवताना ह्यांचा जीव मेटाकुटीला आला. नट निघंनात. शेवटी ओझरहून मोठा पाना आनला."

नानांनी तिच्याकडं असं पाहिलं की दुसरी कुणी असती तर जीभ चावली असती. पण मागून एक म्हातारा म्हणाला, "तो पाना मंग आमी नेला." आणखी एक म्हणाला, "आमी बी." एकानं हसू दाबलं, ते दुसऱ्याला आवरलं नाही, आणि बघता बघता सगळी बैठक हसायला लागली. पत्रे ज्यांनी ज्यांनी नेले त्या प्रत्येकाला अकरा वर्षं ठाऊक होतं की हुक हलले नव्हते. पण ते सांगायचं तर पत्रे नेल्याचं सांगावं लागलं असतं. मला हसू आलं नाही. माझं डोकं इतकं तापलं होतं की एकेकाचं नाव घेऊन मी विचारणार होते, माझे सासरे मेले तेव्हा कुठं होता तुमचा पाना? पण भावजींकडं बघितलं आणि गप्प बसले. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हसत होते.

गोरक्षनाना उठून त्यांच्यापाशी गेले. "मल्हारी, माझं चुकलं," म्हणाले. भावजींनी मान हलवली. हो म्हणून की असू दे म्हणून, ते मला आजही ठरवता आलेलं नाही.

निघताना कुसाबाईनं सरांना बाजूला घेतलं. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला होता. "साहेब, म्हंजे तो गणपती नव्हता?" सर अडखळले. शिकलेल्या माणसाला खरं आणि बरं यांतलं एक निवडायचं झालं की जे होतं ते त्यांचं झालं. उत्तर भावजींनीच दिलं. म्हणाले, "मावशी, सोंड होती ना? मग झालं. तुमची झोपडी राहिली, माझे हुक राहिले. दोघांचंही खरं निघालं." गणपती शब्द त्यांनी तोंडातून काढला नाही, पण म्हातारीचा चेहरा पुन्हा उजळला.

सरांच्या लेखात पुढं निंबारवाडीवर चार ओळी आल्या. त्यांनी त्या वादळाला 'सोंड' असंच म्हटलंय आणि हे नाव कुसाबाईंचं, असंही लिहिलंय. चतुर्थीची आरती अजून होते. आता तिथं छपराचंही सांगतात, आणि सांगताना मल्हारी पगारे हे नाव येतं. ऐकून आमच्या भावजींची जी पंचाईत होते ती बघण्यासारखी असते.

पण मला सांगायचंय ते त्याच दिवसाचं. एस.टी.त ते माझ्या शेजारी बसले होते. नाशिक येईपर्यंत खिडकीतून वाटेवरची छपरं बघत होते. स्टँडवर उतरल्यावर मी म्हटलं, "भावजी, चला घरी, लताबाई वाट बघत असेल." ते म्हणाले, "तुम्ही व्हा पुढं." मला कळेना. मी त्यांच्या मागोमाग गेले. ते भराभर चालत सरळ काळूच्या घरी गेले. काळू दारात बसून पान लावत होता. यांना अवेळी आलेलं बघून घाबरला, काय झालं म्हणाला.

भावजी त्याच्या अंगणात चहूकडं बघत म्हणाले, "शिडी कुठंय?"